शेजाऱ्यांच्या बाजारातील अनुशेष
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सार्क’ या नावाने आपण ओळखतो त्या दक्षिण आशियाई संघटनेची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्याला झाली. प्रारंभी सात राष्ट्रे होती; २००७ साली अफगाणिस्तान आठवे सभासद झाले. संघटनेची अठरावी शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला भरली. एकोणिसावी २०१६ साली इस्लामाबादला भरावयाची होती; उरीच्या हल्ल्यानंतर ती रद्द झाली आणि त्यानंतर राष्ट्रप्रमुखांची परिषद भरलेली नाही. काठमांडूत सचिवालय आहे, तेथे कागद हलत असतात. परंतु ज्या उद्देशाने हा संसार मांडला गेला तो उद्देश मात्र जागीच थिजला आहे. दक्षिण आशियातील राष्ट्रांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्के आहे. आग्नेय आशियात हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे आणि युरोपीय संघात निम्म्याहून बरेच अधिक.

असे का झाले, असे विचारले की एक ठरावीक उत्तर मिळते : भारत-पाकिस्तान वैर. हे उत्तर खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण एक मोठा प्रश्न टाळतो. ज्या शेजाऱ्यांशी आपले युद्ध झाले नाही, त्या नेपाळशी, श्रीलंकेशी, बांगलादेशाशी तरी आपले आर्थिक संबंध विश्वासाचे आहेत काय? आणि जगात जेथे असे वैर नव्हते, तेथे शेजाऱ्यांचे आर्थिक संघ टिकले काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम शोधू; कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर सापडेल.

त्यासाठी मी आपल्याला पूर्व आफ्रिकेत नेणार आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया ही तीन राष्ट्रे. ब्रिटिश अमलात त्यांची बाजारपेठ एक झाली होती. केनिया व युगांडा यांचा जकात संघ १९१७ सालचा. पुढच्या दहा वर्षांत टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, त्यात सामील झाला. रेल्वे, बंदरे, टपाल व तारखाते एकत्र. पूर्व आफ्रिकी शिलिंग हे चलन एक. स्वाहिली भाषा तिन्ही देशांत समजणारी. स्वातंत्र्यलढ्याचे नेते एकमेकांचे सहकारी. जून १९६३ मध्ये जोमो केन्याटा, मिल्टन ओबोटे आणि ज्युलियस न्येरेरे यांनी तिन्ही देशांचे संघराज्य करण्याची घोषणासुद्धा केली होती. ऐक्याला याहून अनुकूल भूमी कोठे सापडणार?

पण या ऐक्याच्या पोटात एक विषमता वाढत होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केनियाच्या डोंगराळ प्रदेशात वस्ती केली. नैरोबी हे व्यापाराचे आणि कारभाराचे केंद्र बनले. सामायिक बाजारपेठेसाठी माल काढणारा कारखाना साहजिकच नैरोबीत उभा राहू लागला, कारण बँका, वीज, कुशल कामगार आणि मोंबासाचा लोहमार्ग हे सारे त्याच बाजूला होते. कारखान्यामागे कारखाना आला. दार-एस-सलाम आणि कंपाला यांच्या वाट्याला कापूस, कॉफी, घायपात पिकवणे आणि नैरोबीचा पक्का माल विकत घेणे आले.

येथे अर्थशास्त्रातील दोन विचारांचा उल्लेख करतो. जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवून दिले की जकात संघ म्हणजे आपोआप मुक्त व्यापाराचा लाभ, असे नसते. समजा, युगांडा बाहेरदेशीचा स्वस्त साबण जकात लावून आयात करीत होता. आता तो केनियाचा महाग साबण जकातीविना घेऊ लागला. ग्राहकाला भाव थोडा उतरलेला दिसेल. पण जी जकात पूर्वी युगांडाच्या तिजोरीत पडत होती ती गेली, आणि नैरोबीच्या कारखानदाराचा नफा वाढला. म्हणजे गरीब देशाच्या सरकारने आपला महसूल सोडून शेजाऱ्याच्या उद्योगाला अनुदान दिले. दुसरा विचार स्वीडनच्या गुन्नार मिर्दाल यांचा, १९५७ सालचा. बाजारावर सोडले की संपन्न प्रदेश अधिक संपन्न होतो आणि मागास प्रदेशातील भांडवल, बुद्धी व तरुण माणसे ओढून घेतो, हे त्यांचे प्रतिपादन.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे समजावून सांगायला नकोच. मुंबई-ठाणे-पुणे पट्टा एकीकडे आणि विदर्भ, मराठवाडा, कोकण दुसरीकडे, हे चित्र आपल्या घरातलेच आहे. त्यासाठी १९८३ साली डॉ. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, १९८४ साली तिचा अहवाल आला आणि ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या राजकारणात रूढ झाला. अनुशेष पुरता भरला गेला नाही, हे खरे. पण तो मागायला एक जागा तरी आहे : विधिमंडळ आहे, अर्थसंकल्प आहे, मोर्चा नेण्यासाठी एक मंत्रालय आहे. राष्ट्रांच्या संघात मागे पडलेल्या देशाने अनुशेष मागायचा कोणाकडे? शेजारी राष्ट्रांच्या आर्थिक ऐक्याचा सारा राजकीय अर्थव्यवहार या एका प्रश्नात सामावला आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्व आफ्रिकेच्या नेत्यांना हा प्रश्न दिसला होता, हे त्यांच्या श्रेयाला लिहिले पाहिजे. १९६४ च्या कंपाला करारात कोणता नवा उद्योग कोणत्या देशात काढायचा याची वाटणी ठरली. टायरचा कारखाना टांगानिकाच्या वाट्याला आला. पण केनियाने या कराराला अखेरपर्यंत मान्यता दिली नाही, आणि पुढे केनिया व टांझानिया दोघांनीही परकीय कंपन्यांच्या साहाय्याने आपापले टायरचे कारखाने काढले. सामायिक बाजारपेठेचा लाभ म्हणजे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून खर्च कमी करणे. तो लाभ येथे वाया गेला. बहुराष्ट्रीय कंपन्यांना मात्र एकाऐवजी दोन गिऱ्हाइके मिळाली.

त्यानंतर जून १९६७ मध्ये कंपालाच्या तहाने पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आरुशाला. या तहात दुर्बळ भागीदारासाठी दोन तरतुदी होत्या. एक, हस्तांतरण कर : व्यापारात तूट असलेल्या देशाला आपला नवा उद्योग सांभाळण्यासाठी शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित कर बसवण्याची मुभा. दोन, पूर्व आफ्रिकी विकास बँक : तिची गुंतवणूक टांझानिया व युगांडा यांच्यात प्रत्येकी ३८.७५ टक्के आणि केनियात २२.५ टक्के व्हावी, असे ठरले. तत्त्व बरोबर होते. पण बँकेचे भांडवल लहान आणि नैरोबीचे आकर्षण मोठे. शिवाय १९६७ च्या फेब्रुवारीत टांझानियाने आरुशा घोषणेने समाजवादाचा मार्ग धरला होता, तर केनियाने खाजगी व परकीय भांडवलाचा. जानेवारी १९७१ मध्ये युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली. त्याच्यासह एका मेजावर बसायला न्येरेरेंनी नकार दिला, आणि समुदायाचे सर्वोच्च मंडळ बैठकीविना राहिले.

सार्कच्या बंद पडलेल्या शिखर परिषदांशी याचे साम्य आपल्या ध्यानात आलेच असेल. १९७७ साली सामायिक विमान कंपनी मोडली, टांझानियाने केनियाची सीमा बंद केली आणि समुदाय संपुष्टात आला. सीमा उघडायला १९८३ साल उजाडले. मालमत्तेच्या वाटणीचा करार व्हायला १९८४. आणि या मोडलेल्या घराची खरी किंमत कोणी मोजली? रेल्वे, बंदरे, टपाल आणि विमानसेवेत राबलेल्या कर्मचाऱ्यांनी. टांझानियातील माजी कर्मचारी आपल्या निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी २००० सालानंतरही न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते.

पण ही कथा येथे संपत नाही, आणि म्हणूनच ती आपल्या उपयोगाची आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच तीन राष्ट्रांनी नवा तह केला आणि जुलै २००० मध्ये समुदाय पुन्हा अस्तित्वात आला. या तहाच्या प्रस्ताविकेत जुना समुदाय का मोडला याची कारणे स्वच्छपणे नोंदवली आहेत : राजकीय इच्छाशक्तीचा अभाव, लोकसंघटनांचा व खाजगी क्षेत्राचा अपुरा सहभाग, आणि विकासाच्या भिन्न पातळ्यांमुळे लाभाची सतत होणारी विषम वाटणी व तिच्यावर उपाय करणाऱ्या धोरणाची उणीव. २००५ साली जकात संघ आला तेव्हा युगांडा व टांझानिया यांचा माल केनियात ताबडतोब जकातमुक्त झाला; केनियाच्या ठरावीक मालावर मात्र त्या दोघांना पाच वर्षे उतरती जकात लावता आली. बलवानाने आधी दार उघडावे आणि दुर्बळाने सावकाश, हा तो नियम. आज या समुदायात आठ राष्ट्रे आहेत. भांडणे तेथेही आहेत, काँगो आणि रुवांडा यांच्यातील संघर्ष तर रक्तरंजित आहे. पण समुदाय मोडलेला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्व आफ्रिकेत केनिया हा तिघांतील एक वरचढ भागीदार होता. दक्षिण आशियात भारत एकटाच सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्येचा आणि उत्पन्नाच्या सुमारे चार पंचमांश भागाचा धनी आहे. भूगोलही असा की अफगाणिस्तान-पाकिस्तान ही जोडी वगळली तर सार्कमधील इतर शेजाऱ्यांना एकमेकांकडे जाण्याचा जमिनीवरचा रस्ता भारतातूनच जातो. एवढी विषमता असताना सार्कच्या सनदेने काय केले? निर्णय एकमताने घ्यायचे आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळायचे, असा नियम घातला. म्हणजे पाणी, मार्ग, व्यापारातील तूट हे जे खरे प्रश्न, ते बोलायचेच नाहीत. २००६ सालापासून मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. पण प्रत्येक देशाने संवेदनशील वस्तूंची लांबलचक यादी करून नेमका विकाऊ माल बाजूला ठेवला. लाभाची वाटणी करणारी यंत्रणा म्हणून थिंफूला विकास निधी स्थापन झाला खरा, पण त्याचा आकार गरजेपुढे नगण्य आहे.

हा प्रदेश नेहमीच असा तुटलेला नव्हता. फाळणीनंतरच्या पहिल्या वर्षात पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतात येत होती. ताग पूर्व बंगालच्या शेतात आणि गिरण्या हुगळीच्या काठी, असा तो व्यवहार. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. विनिमयाच्या दरावरून व्यापार ठप्प झाला, तागाचा शेतकरी तिकडे बुडाला आणि गिरणी कामगार इकडे बसून राहिला. दोन्ही सरकारांनी आपला स्वाभिमान राखला. त्याची किंमत दोन्हीकडच्या श्रमिकांनी दिली. डॉ. राममनोहर लोहिया हिंद-पाक महासंघाची कल्पना आयुष्यभर मांडत राहिले, ती या पार्श्वभूमीवर. तिला स्वप्नरंजन म्हणून हसणाऱ्यांनी तुटलेपणाचा हिशेब कधी मांडला नाही.

बलवान शेजाऱ्याच्या हाती मार्ग असतो तेव्हा तो मार्ग शस्त्र बनू शकतो. १९८९ साली व्यापार व मार्गस्थ वाहतुकीचे करार संपले तेव्हा भारताने नेपाळची बहुतेक प्रवेशद्वारे बंद केली. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवर पुन्हा कोंडी झाली. ती मधेशी आंदोलकांची की दिल्लीची, हा वाद अजून चालतो. परंतु काठमांडूच्या गृहिणीने गॅसच्या सिलिंडरसाठी ज्या रांगा लावल्या त्या तिला विसरता येणार नाहीत. २०२५ साली भारत-बांगलादेश संबंध बिघडले. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदरांतून व विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली. बांगलादेशाने जमिनीवरील नाक्यांतून येणारे भारतीय सूत थांबवले. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपडे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता या सागरी बंदरांतूनच येतील असा आदेश काढला. ढाक्याजवळच्या कारखान्यात शिवलेला सदरा शेजारच्या आसामात जायचा तर त्याने आधी समुद्रात उतरायचे!

याच प्रकारचा सर्वांत बोलका धडा महाराष्ट्राच्या मातीत आहे. आपल्या कांद्याचा बांगलादेश हा मोठा ग्राहक. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीने निर्यात एकाएकी बंद केली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच उद्योजकांच्या सभेत सांगितले की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून बजावले आहे. निदान आधी कळवायला हवे होते. हा विनोद नव्हता, तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, जी मे २०२४ पर्यंत टिकली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी महामार्गावर बसला. आणि त्याच आठवड्यात ढाक्याच्या बाजारात कांद्याचे भाव कडाडले. लासलगावच्या उत्पादकाचे आणि ढाक्याच्या ग्राहकाचे हित येथे एकच होते. दोघांनाही विचारले कोणी नाही. ढाक्याने मग इतर देशांकडून कांदा आणायला आणि घरी अधिक पिकवायला सुरुवात केली. शेजारी म्हणून आपण गमावलेला विश्वास हा आता आपल्या शेतकऱ्याचा गमावलेला बाजार आहे.

कोणी विचारील, मग भारताने चांगले काही केलेच नाही काय? केले आहे. भूतानमधील चुखा जलविद्युत प्रकल्प पाहा : ३३६ मेगावॅट, भारताचे ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, १९८० च्या दशकात पूर्ण. वीज भारताला, उत्पन्न भूतानला. त्या देशाचा महसूल त्यावर उभा राहिला. २०११ साली भारताने सार्कमधील अल्पविकसित देशांच्या जवळजवळ सर्व मालावरील जकात रद्द केली आणि बांगलादेशाच्या कपड्यांना आपली बाजारपेठ खुली केली. त्याच वर्षी मेघालयाच्या सीमेवर कालाईचर येथे पहिला सीमा-हाट सुरू झाला. दोन्हीकडचे गावकरी तेथे भाजी, मासे, लुगडी घेऊन बसू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशाला पोहोचली. आकडा लहान, पण तीन देशांनी एक तार वापरली, ही घटना लहान नाही.

या उदाहरणांशेजारी एक दुसरे ठेवतो. झारखंडमध्ये गोड्डा येथे एका खाजगी कंपनीचा १६०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. २०१७ च्या कराराने त्याची वीज बांगलादेशासाठी राखली गेली. २०२४ च्या अखेरीस थकबाकीवरून कंपनीने पुरवठा निम्म्यावर आणला. धूर झारखंडच्या आदिवासी मुलखात, बिलाचा बोजा बांगलादेशाच्या ग्राहकावर, आणि वादात सापडले ते दोन देशांचे नाते. चुखा आणि गोड्डा दोन्ही ‘प्रादेशिक सहकार्य’ या एकाच शीर्षकाखाली मोडतात. समाजवाद्याने शीर्षक वाचून थांबू नये. वाटणीचा रकाना पाहावा.

उलट बाजूचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. आपल्या देशात कोट्यवधी लोक दारिद्र्यात असताना शेजाऱ्याला झुकते माप का द्यावे? तिरुपूरच्या शिलाई कामगाराने ढाक्याच्या स्पर्धेचा भार का सोसावा? त्याने एकट्याने सोसू नयेच. शेजाऱ्याला दिलेल्या सवलतीची झळ ज्या कामगाराला लागते त्याला भरपाई, नवे काम आणि शिक्षण देण्याचा खर्च राष्ट्राच्या अर्थसंकल्पाने उचलला पाहिजे. युरोपने १९५७ च्या रोमच्या तहातच सामाजिक निधीची तरतूद केली आणि १९७५ साली मागास प्रदेशांसाठी विकास निधी काढला. त्या युरोपातही जेथे वाटणी विसरली गेली तेथे काय झाले, हे २०१० नंतर ग्रीसने भोगले आहे.

मित्रहो, यातून आपल्या कामाच्या तीन मागण्या निघतात. पहिली : निर्यातबंदी आणि सीमाबंदी रातोरात लादू नये; शेजाऱ्याला पूर्वसूचना, शेतकऱ्याला किमान भावाची हमी आणि ग्राहकासाठी सरकारी साठा यांची व्यवस्था आधी असावी. दुसरी : दक्षिण आशियाई विकास निधीत भारताने आपल्या आकाराच्या प्रमाणात भर घालावी आणि त्याचा विनियोग दुर्बळ देशांच्या आणि सीमेवरील मागास जिल्ह्यांच्या अनुशेषाप्रमाणे व्हावा, त्रिपुरा, उत्तर बिहार आणि कूचबिहारही त्यात येतात. तिसरी : कोणत्याही व्यापारकराराच्या वाटाघाटीत कामगार व शेतकरी संघटनांना जागा असावी, आणि करार संसदेपुढे चर्चेला यावा. आज संसदेची मान्यता न घेताच असे करार होतात, ही लोकशाहीतील मोठी उणीव आहे.

सरकारे बोलत नाहीत म्हणून आपणही गप्प बसावे असे नाही. कांदा उत्पादकांच्या संघटनांनी बांगलादेशातील ग्राहक संघटनांना, आपल्या कापड कामगारांनी तेथील शिलाई कामगारांना पत्र लिहिण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही. पुढील निर्यातबंदीची वाट न पाहता ही ओळख करून घ्या. पूर्व आफ्रिकेतील समुदाय मोडला तेव्हा तिन्ही देशांतील रेल्वे कामगार एकमेकांना ओळखत होते. परंतु निर्णयाच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. आपल्याकडे ती खुर्ची मागण्याचे काम पक्षाच्या तालुका शाखेपासून सुरू व्हावे, एवढेच मला सांगायचे होते.